मिरजगावचा दाखला

श्रीरामपूर
६ मे २०२५

फुफी,

अस्सलामु अलैकुम. पत्र मराठीत आहे म्हणून रुसू नका. उर्दू मला वाचता येते, पण लिहायला बसले की अलिफ तेवढा सरळ येतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हिंदीत लिहिलं तर तुमच्या आधी तुमचा मुलगा आवेज वाचतो. मागच्या ईदला तुम्हीच म्हणाला होतात, हैदराबादच्या घरात मराठी कुणाला कळत नाही, कुणी चार ओळी लिहिल्या तर माहेरी जाऊन आल्यासारखं वाटेल. तर ह्या चार ओळी. काम असल्यामुळे थोड्या वाढल्या आहेत.

आमच्या कॉलेजने संख्याशास्त्र बंद केलं. चार मुली आणि एक मुलगा, एवढ्यांसाठी प्राध्यापक ठेवणं परवडत नाही म्हणे. पहिल्या वर्षाला त्या विषयात मी पहिली आले होते. आता सांगतात, रसायनशास्त्र घे. मला परीक्षानळ्यांत रस नाही. मला आकडे आवडतात, कारण ते नातेवाइकांसारखे शब्द फिरवत नाहीत.

पुण्यात प्रवेश मिळतो आणि राज्याची शिष्यवृत्तीही तिथे चालू राहते. पण होस्टेल आणि मेसचा आकडा ऐकून अब्बांनी पिंजायचं मशीन बंद केलं आणि चहा मागवला. तुमच्याकडच्या मुलींच्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला जागा आहे. इथले गुण ते धरतात, फक्त मायग्रेशन सर्टिफिकेट हवं. तिथे राहायला तुमचं, म्हणजे अब्बांच्या सख्ख्या बहिणीचं, घर आहे, पण राज्याची हद्द ओलांडली की राज्याची शिष्यवृत्ती बंद, आणि फी वर्षाला साठ हजार. म्हणजे पुण्यात फी जमते तर राहणं जमत नाही, हैदराबादला राहणं जमतं तर फी जमत नाही.

आता काम. आवेजभाई ज्या ट्रस्टचा सेक्रेटरी आहे, तो मुलींची पूर्ण फी भरतो असं ऐकलं. फॉर्म भरून सोबत जोडला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा खराच आहे, हसू नका. दिवसभर कापूस पिंजून अब्बांच्या नाकातोंडात तंतू जातात आणि वर्षाकाठी एवढंच राहतं. तरी 'सय्यद गादी भांडार'च्या पाटीवरचं सय्यद ते दर ईदला नव्याने रंगवतात. प्रवेशाची शेवटची तारीख ३१ जुलै आहे.

तुमची,
शिफा


हैदराबाद
१७ मे २०२५

शिफा बेटी,

वालेकुम सलाम. तुझं पत्र स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचलं. तुझं अक्षर तुझ्या अब्बावर, फकरूवर गेलं नाही, हे बरं झालं. इथे ये, माझ्या खोलीत राहा, माझा एक कान तू हो. जेवणाचा विचारही मनात आणू नकोस.

फीचं मात्र अडलं. ट्रस्टकडे दोन फंड आहेत. मोठा जकातीचा, म्हणजे फर्ज दानाचा; लहान लिल्लाहचा, म्हणजे खुशीने दिलेल्या दानाचा. जकात सय्यदांना चालत नाही. सय्यद म्हणजे रसूलचं, पैगंबरसाहेबांचं घराणं, त्याने लोकांच्या मालाचा मळ घेऊ नये, हे तुला मदरशात शिकवलं असेलच. सय्यदांना द्यायचं तर लिल्लाहच्या फंडातून, आणि तो यंदा रमजानआधीच संपला. आवेज तुझा फॉर्म हातात घेऊन म्हणाला, "अम्मी, मामूंचं नाव शेख असतं तर मी उद्या चेक काढला असता." मी त्याला गप्प केलं. घराणं म्हटलं की त्याची किंमतही आपणच द्यायची असते, बेटी. नाव टाकून शिकायचं नसतं.

आता आनंदाची बातमी. आवेजच्या बहिणीचा, आपल्या अलिझाचा निकाह ठरला, सप्टेंबरात आहे. मुलगा ट्रस्टच्या अध्यक्षांचा, सदरसाहेबांचा. अस्सल सय्यद घराणं, दिवाणखान्यात शजरा काचेत लावलेला आहे. रसूलपासून मुलापर्यंत सगळी वंशावळ एका नजरेत दिसते. आपलाही शजरा मागतात. फकरूला सांग, अलिझाला जहेजात द्यायच्या दोन गाद्या त्याने स्वतःच्या हाताने भरून पाठवाव्यात. इथे कापसाच्या नावाखाली भुसा भरतात.

तुझी,
फुफी


श्रीरामपूर
२९ मे २०२५

फुफी,

तुमचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. पैसे मिळणार नाहीत हे ऐकून त्यांचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. उलट ते ताठ बसले. शेजारच्या दुकानात जाऊन सांगूनही आले, की आम्हाला जकात चालत नाही. मला रडू येत होतं आणि ते मला पेढा आणायला सांगत होते. अलिझाच्या नावाचा पेढा होता, म्हणून खाल्ला.

माझ्या वर्गातली पंकजा सुट्टीत सेतू केंद्रात अर्ज भरायचं काम करते. मायग्रेशनच्या कागदांसाठी तिच्याकडे गेले होते. ती म्हणाली, "गादीवाले म्हंजे पिंजारी ना तुमी? तुमचा ओबीसीचा दाखला निघतो की." मी म्हटलं, आम्ही सय्यद. तिने मान वर न करता विचारलं, "मग सय्यद कवापासून कापूस पिंजाया लागले?" मी हसले. अब्बा म्हणतात तसं तिलाही सांगितलं, पिंजणं हा धंदा आहे, जात नाही. पण घरी पोचेपर्यंत ते हसू काही टिकलं नाही.

म्हणून सरळ विचारते. आपण सय्यद आहोत हे कुठे लिहिलं आहे? अब्बांना एवढंच ठाऊक आहे की दादाजान बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावहून आले. अब्बा स्वतः इथेच जन्मले. दादाजान शाळेत गेले होते का? गेले असतील तर तिथे नोंद असेल. नसलोच सय्यद, तर मग जकात का नको? मी ह्याकडे गणितासारखं बघते आहे, राग मानू नका. मोठ्या तुम्हीच उरला आहात, म्हणून तुम्हालाच विचारते.

शिफा


हैदराबाद
९ जून २०२५

शिफा,

तुझे दादा शाळेत गेले नाहीत. मिरजगावात आम्ही फार तर वर्षभर राहिलो. मी तेव्हा तान्ही होते, मला काय आठवणार? दुष्काळात माणसं राहिली नाहीत, कागद कुठून राहतील? सेतूत बसणाऱ्या मुलीच्या बोलण्यावरून आपलं खानदान शोधत फिरू नकोस. मुलीच्या जातीला ते शोभत नाही.

सदरसाहेबांकडून शजऱ्यासाठी दुसऱ्यांदा निरोप आला. फकरूकडून एका कागदावर लिहून घे, की आमचा शजरा त्या दुष्काळात गहाळ झाला. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. तेवढं पुरेल.

रसायनशास्त्र वाईट नसतं. एक वर्ष थांबलीस तर पुढच्या रमजानला लिल्लाहचा फंड भरेल, तेव्हा बघू. गाद्यांचा कापूस घेतला का? अलिझाला फिकट गुलाबी खोळ हवी आहे.

फुफी


श्रीरामपूर
२७ जून २०२५

फुफी,

आधी खुशखबर. तुम्ही तेव्हा तान्ह्या नव्हतात. तुम्ही तिसरीत होतात.

शनिवारी नगरला जाऊन तिथून मिरजगावची एसटी धरली. अब्बांना पंकजाकडे जाते म्हणून सांगितलं होतं, आणि ती सोबत होतीच, म्हणजे खोटं अर्धंच होतं. शाळेतल्या रोहिणी मॅडमनी जुनी रजिस्टरं काढून दिली. पानं हातात तुटतात. आम्ही 'सय्यद' शोधत बसलो, दोन तास. एकही सापडला नाही. मग पंकजा म्हणाली, दादांच्या वडलांचं नाव धरून शोध. उस्मान सापडले आणि त्यांच्या नावाला लागून दादाजान सापडले. दगडू उस्मान पिंजारी. १९४६ साली पहिलीत दाखल. आपले सय्यद दाऊद मिरजगावात दगडू होते. मला हसू आवरेना, मॅडमना वाटलं मी रडते आहे.

आणि पुढच्या रजिस्टरमध्ये, बहात्तर साली, गव्हर दगडू पिंजारी, इयत्ता तिसरी. शेरा: 'गाव सोडले. दाखला नेला नाही.'

शाळेमागे भागूबाई राहतात. त्या म्हणाल्या, "दगडूची नात व्हय तू? लई भला मानूस. दुष्काळात गेल्ता लेकरं घिऊन, माघारी आलाच न्हाई. गव्हर अन् मी एका पाटीवर लिव्हायचो. बाप कापूस पिंजायचा अन् ती एवढीशी पोर गाद्या शिवायची, टाका असा बारीक की दिसत नव्हता. तिला म्हनावं, पाटी माज्याकडंच हाय." तुम्हाला हे आठवत नसेल, त्यात तुमचा दोष नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं?

अब्बांना कागद दाखवला. तिसऱ्या दिवशी मशीनपाशी उभे राहून म्हणाले, "म्हणजे मी पिंजतोय ते उगाच नाही." आणि नव्या अर्जावर सही केली.

अर्ज आणि दाखल्याची प्रत ट्रस्टला रजिस्टर पोस्टाने गेली आहे. आता एकच उरलं. घरातल्या दोन मोठ्यांनी लिहून द्यायचं असतं. एक अब्बा झाले. दुसऱ्या तुम्ही. उर्दूत दोन ओळी, की दगडू पिंजारी हेच माझे वडील. सदरसाहेबांचं घर अलिझाचं सासर होणार, हे मी विसरलेले नाही. पण ते दीनदार, धर्माने वागणारे लोक आहेत, फुफी. खरं बोलणाऱ्या माणसाला दीनदार माणूस नाकारेल कसा? उलट त्यांना तुमच्याबद्दल जास्त वाटेल.

कॉलेजने जागा ३१ जुलैपर्यंत धरून ठेवली आहे. मी बॅग काढून पुसून ठेवली.

तुमची लाडकी,
शिफा


हैदराबाद
२१ जुलै २०२५

शिफा,

ट्रस्टचं पत्र तुला मिळालं असेल. मिरजगावचा कागद परक्या माणसाचा आहे, घरच्या वडीलधाऱ्या बाईने तसं लिहून दिलं आहे, आणि खोटी नसब, म्हणजे खोटं घराणं सांगून जकात मागितल्यामुळे तुझा अर्ज पुन्हा घेतला जाणार नाही, असं त्यात आहे. ती बाई मी.

सदरसाहेब स्वतः आले होते. दाखल्याची प्रत त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवली. आवेज माझ्याकडे बघत होता. अलिझा दाराच्या पडद्याआड उभी होती, तिचे पाय मला दिसत होते. त्यांनी मोठ्याने विचारलं, मला ऐकू यावं म्हणून, "आपा, हे दगडू कोण?" मी कागद मागितला आणि उर्दूत तीन ओळी लिहिल्या. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

आता खरं ऐक. मला सगळं आठवतं. पाटीच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, तो माझ्या हातून. श्रीरामपुरात उतरलो त्या दिवशी अब्बांनी मला समोर बसवून पाठ करून घेतलं. नाव सय्यद गौहर. बाप सय्यद दाऊद. गाव विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. मिरजगावात पिंजारी म्हणून लग्नाच्या पंगतीत आम्हाला आमच्याच लोकांनी शेवटी बसवलेलं त्यांनी पाहिलं होतं. तुम्हाला ते सोसावं लागू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. शाळेत जुना दाखला मागतील म्हणून तिसरी संपवत आलेल्या मला पुन्हा पहिलीत बसवलं. सगळ्या वर्गात मी उंच होते. मला वाचता येत होतं आणि मी न येण्याचं सोंग करत होते. माझी तीन वर्षं अशी गेली. तुझं एक जाईल. ते भरून निघेल. अलिझाचं लग्न मोडलं तर ते भरून निघणार नाही, आणि माझंही मग कशावर उभं राहील? तुझ्या फुफांनी सय्यदाची मुलगी म्हणून मला आणलं. ते गेले तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं.

हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगते आहे. मराठीत आहे म्हणून लिहिता आलं. वाचून झालं की गॅसवर धर. फकरूला सांगू नकोस, त्याला सोसणार नाही. तू माझ्याकडे राहायला येणं आता बरं दिसणार नाही, निदान निकाह होईपर्यंत.

गाद्या तेवढ्या वेळेवर पाठवा. खोळ फिकट गुलाबी.

फुफी


श्रीरामपूर
१९ ऑगस्ट २०२५

फुफी,

गाद्या काल ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत चढल्या. आठ दिवसांत पोचतील. खोळ फिकट गुलाबीच आहे.

३१ जुलै होऊन गेली. त्या दिवशी कॉलेजमधून फोन आला, मुलगी चांगली बोलली, म्हणाली वाट पाहिली. मी रसायनशास्त्राला नाव घातलं. विषय एकदा सुटला की पुन्हा धरता येत नाही, असं प्राचार्यांनी सांगितलं. पंकजाने माझा जातीच्या दाखल्याचा अर्ज भरला आहे. मिरजगावच्या दोन्ही नोंदी जोडल्या आणि भागूबाईंनी अंगठा दिला. लिहिता येत असून अंगठा का दिला विचारलं, तर म्हणाल्या, "लिवनं गव्हरचं. ती गेली अन् माजंबी सुटलं." दाखला निघाला तर राज्याची सवलत मिळेल, ज्या विषयात मला काही शिकायचं नाही त्या विषयासाठी.

तुमच्यावर मी फार चिडले आहे. ते नीट लिहिते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की पोरगी समजून घेईल. तुम्ही मी मागितलेल्या दोन ओळी नुसत्या दिल्या नसत्या तर मी एवढंच म्हटलं असतं, की फुफी घाबरली. पण तुम्ही मला खोटारडी लिहून दिलं. जकात चोरायला निघालेली मुलगी म्हणून एका ट्रस्टच्या कपाटात माझं नाव पडलं आहे, तुमच्या अक्षरात. आणि वर तुमची तीन वर्षं मला ऐकवता. ती तुमच्याकडून तुमच्या अब्बांनी घेतली. माझं वर्ष तुम्ही घेतलंत.

माझ्या अब्बांना मी काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. ट्रस्टचं पत्र उर्दूत होतं, ते त्यांनीच वाचलं. 'घरच्या वडीलधाऱ्या बाईने' एवढ्या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, "आपाचं काहीतरी अडलं असेल." आणि तुमच्या गाद्यांसाठी एकदा पिंजलेला कापूस त्यांनी पुन्हा पिंजायला घेतला, अलिझाला एकही गाठ लागू नये म्हणून. पाटीवरचं सय्यद ह्या बकरी ईदला रंगवलं नव्हतं, हे तेवढं माझ्या लक्षात आलं. शजरा गहाळ झाल्याचा कागद मात्र त्यांनी सहीशिक्क्यासह दिला आहे. तो ह्याच पाकिटात आहे.

तुमचं पत्र मी जाळलं नाही. ट्रस्टचा पत्ता घालून पाकीट दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. मराठी वाचणारा माणूस त्यांना हैदराबादेत सहज मिळाला असता. मग मागच्या ईदला अलिझाने स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातात घातलं होतं, ते आठवलं. तिने माझं काही बिघडवलेलं नाही. पाकीट मी फाडलं.

पत्र ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. आमच्या घरात ते अब्बांना सापडलं असतं. म्हणून ते ज्यांचं आहे त्यांच्याकडेच पाठवते आहे. गाद्या अब्बांनी भरल्या, पण शेवटचे टाके मी घातले. दोहोंपैकी एकीत, कापसाच्या मधल्या थरात, तुमची चारही पानं आहेत. कोणत्या गादीत, ते सांगत नाही.

तशीच ठेवली तर पाच-सहा वर्षं काही होणार नाही. मग कापूस बसेल आणि अलिझाच्या सासरचे दारावर पिंजारी बोलावून गादी उसवतील. त्याआधी पत्र काढायचं असेल तर निकाहापूर्वी तुम्हालाच दोन्ही गाद्या उसवाव्या लागतील. कापूस मोकळा करून, पिंजून पुन्हा भरावा लागेल आणि टाके असे बारीक घालावे लागतील की विहिणीला दिसू नयेत. सय्यदांच्या घरात हे काम कुणाला येत नाही. तुम्हाला येतं.

शिफा फक्रुद्दीन पिंजारी